वेब डेव्हलपरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न: कोल्हापूर आणि परिसरातून आलेले

राजारामपुरी-शाहूपुरीतल्या छोट्या कंपन्यांत नव्याने लागलेली मुलं, घरी बसून दोन-चार क्लायंट सांभाळणारे फ्रीलान्सर, शिवाजी विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. सुरुवात सोप्या प्रश्नांपासून आहे. प्रश्न १६ पासून पुढे मराठी मजकुराच्या अडचणी आहेत. त्यांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण आपल्या क्लायंटचं निम्मं काम मराठीत असतं आणि इंग्रजी मार्गदर्शकांत या गोष्टी सहसा भेटत नाहीत.

१. वेब डेव्हलपमेंट शिकायला पुण्याला जाऊन क्लास लावायलाच हवा का?

नाही. एमडीएन वेब डॉक्स, जावास्क्रिप्ट डॉट इन्फो, फ्रीकोडकॅम्प आणि द ओडिन प्रोजेक्ट हे सगळं फुकट आहे आणि बऱ्याच क्लासच्या नोट्सपेक्षा चांगलं आहे. यातलं एकच धरा आणि शेवटपर्यंत न्या. मराठी व्हिडिओ पहिल्या ओळखीसाठी जरूर बघा, पण एखादी गोष्ट खरी कशी चालते याचा शेवटचा शब्द एमडीएनचा माना. मोझिलाने ते २००५ मध्ये सुरू केलं आणि आजही ते रोज दुरुस्त होत असतं. इंग्रजीची भीती वाटत असेल तर आधी तिथलं उदाहरण चालवून बघा, मग वर्णन वाचा. आपल्या मुलांना हा क्रम सोपा जातो.

एखादी सीएसएस किंवा जावास्क्रिप्ट सुविधा वापरावी की नाही, हे 'कॅन आय यूझ' या साइटवर बघा. एमडीएनच्या पानावर 'बेसलाइन'चा शिक्काही असतो. 'वाइडली अव्हेलेबल' लिहिलेलं असेल तर ती सुविधा सगळ्या मुख्य ब्राउझरांत येऊन किमान ३० महिने झालेत, बिनधास्त वापरा.

२. एरर आली की सगळ्यात आधी काय करायचं?

कोडला हात लावायचा नाही. आधी कुठे अडलंय ते ठरवायचं: ब्राउझरमध्ये, वाटेत, की सर्व्हरवर. ब्राउझरसाठी एफ१२ दाबून कॉन्सोल बघा, वाटेसाठी नेटवर्क टॅब बघा, सर्व्हरसाठी त्याचा लॉग उघडा. या तीन जागा बघायला दोन मिनिटं लागतात. त्या न बघता केलेल्या दुरुस्त्यांत संध्याकाळ जाते आणि मूळ बगच्या जोडीला आणखी दोन तयार होतात.

एररचा मजकूर लांबलचक असेल तर घाबरू नका. त्यातल्या बहुतेक ओळी लायब्ररीच्या असतात. तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव असलेली पहिली ओळ शोधा, तिथून सुरुवात करा.

३. नेटवर्क टॅबमधले आकडे कसे वाचायचे?

४०० च्या घरातला आकडा म्हणजे सर्व्हरच्या मते तुमच्या मागणीत चूक आहे. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४०४ म्हणजे ती जागाच नाही, ४०५ म्हणजे जागा बरोबर पण 'गेट' (मागवणं) पद्धतीच्या जागी 'पोस्ट' (पाठवणं) किंवा उलट, ४२९ म्हणजे फार वेळा विचारलंत. ५०० च्या घरातला आकडा म्हणजे गडबड सर्व्हरच्या बाजूला. त्यात ५०२ आणि ५०४ वेगळे लक्षात ठेवा. पुढे उभा असलेला एनजिनेक्ससारखा प्रॉक्सी जिवंत आहे, पण मागचं ॲप मेलंय किंवा वेळेत उत्तर देत नाही, असा त्यांचा अर्थ.

पान बदललं की यादी पुसली जात असेल तर 'प्रिझर्व्ह लॉग' टिकमार्क करा. रिक्वेस्टवर राइट क्लिक करून 'कॉपी ॲज कर्ल' केलं की तीच मागणी टर्मिनलवरून पुन्हा पाठवता येते. ब्राउझर दोषी की सर्व्हर, याचा निकाल तिथेच लागतो.

४. मदत कुठे आणि कशी मागायची? एआयला विचारलं तर चालतं का?

चालतं, आणि एररचा अर्थ समजून घ्यायला ते फार उपयोगी आहे. मात्र त्याने सुचवलेलं पॅकेज एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारात) खरंच आहे का, शेवटचं कधी अपडेट झालंय, हे बघितल्याशिवाय इन्स्टॉल करू नका. नसलेल्या पॅकेजांची नावं एआय सुचवतो आणि त्याच नावाने घातक पॅकेज टाकून ठेवणारे लोक आहेत. पासवर्ड किंवा क्लायंटचा डेटा त्यात चिकटवू नका.

माणसाला विचारताना मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो पाठवू नका. एररचा पूर्ण मजकूर, काय अपेक्षित होतं, काय झालं, आणि अडचण दिसेल एवढाच लहानात लहान कोड पाठवा. तो लहान करता करताच बऱ्याचदा उत्तर सापडतं.

५. माझ्या लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर चालत नाही. का?

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर. विंडोजला 'लोगो' कॅपिटल एलने लिहिला काय आणि स्मॉलने लिहिला काय, सारखंच. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइल्स आहेत. त्यानंतर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल: लॅपटॉपवरची डॉट-ईएनव्ही फाइल (पासवर्ड आणि किल्ल्या ठेवायची) सर्व्हरवर गेलेली नसते, आणि जायलाही नको (प्रश्न १४ पहा).

तिसरं, नोडची आवृत्ती. दोन्हीकडे एकच एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती ठेवा. सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल' ऐवजी 'एनपीएम सीआय' चालवा, ते लॉक फाइलप्रमाणे तंतोतंत तीच पॅकेजेस आणतं. आणि नोड-मॉड्यूल्स फोल्डर पेनड्राइव्हवरून किंवा एफटीपीने विंडोजवरून लिनक्सवर नेऊ नका. त्यातली काही पॅकेजेस त्या त्या यंत्रासाठी बांधलेली असतात.

६. 'पोर्ट आधीच वापरात आहे' असं येतं.

आधीचा सर्व्हर बंद झालेला नसतो. विंडोजवर 'नेटस्टॅट', लिनक्स-मॅकवर 'एलएसओएफ' वापरून तो पोर्ट कोणी धरलाय ते बघा आणि ती प्रोसेस बंद करा. मॅकवर ५००० नंबरचा पोर्ट अडलेला असेल तर तो बहुधा एअरप्ले रिसीव्हरने घेतलेला असतो. सेटिंग्जमधून तो बंद करा किंवा दुसरा पोर्ट घ्या.

७. पोस्टमनमध्ये एपीआय चालतो, ब्राउझरमध्ये 'कॉर्स' एरर येते. आता?

हा प्रश्न आठवड्याला कुणीतरी पाठवतोच. कॉर्स हा नियम ब्राउझर पाळतो. पोस्टमन ब्राउझर नाही, म्हणून तिथे सगळं चालतं. तुमचं पान एका ओरिजिनवर आणि एपीआय दुसऱ्या ओरिजिनवर असेल, तर 'या पानाला माझं उत्तर वाचू दे' असं सर्व्हरने हेडरमधून सांगावं लागतं. ओरिजिन म्हणजे प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट तिन्ही मिळून. त्यामुळे लोकलहोस्ट ३००० आणि लोकलहोस्ट ८००० हीसुद्धा दोन वेगळी ओरिजिन झाली.

म्हणून दुरुस्ती सर्व्हरवर करायची. फ्रंटएंडच्या फेच कोडमध्ये 'ॲक्सेस-कंट्रोल-अलाव-ओरिजिन' हेडर घालून काहीही होत नाही. ब्राउझरची सुरक्षा बंद करणारं एक्स्टेन्शन टाकलं तर फक्त तुमच्याच मशीनवर चालेल.

दोन खाचखळगे आहेत. पहिला: जेसन पाठवताना किंवा ऑथरायझेशन हेडर लावताना ब्राउझर आधी 'ऑप्शन्स' पद्धतीची चौकशी पाठवतो. तुमच्या लॉगिन तपासणीने तिलाच ४०१ दिलं तर खरी मागणी निघतच नाही. कॉर्सचं मिडलवेअर (प्रत्येक मागणी ज्यातून जाते तो मधला कोड) म्हणून लॉगिन तपासणीच्या आधी लावा. दुसरा: कुकी पाठवायची असेल तर परवानगीत 'तारा' चिन्ह चालत नाही, ओरिजिन नावानिशी लिहावं लागतं.

आणि एक अपवाद. सर्व्हर ५०० देऊन कोसळला की कधीकधी कॉर्सची हेडर लागायच्या आधीच उत्तर परत येतं. ब्राउझर कॉर्सची तक्रार करतो, खरा बग मात्र तुमच्या कोडमध्ये असतो. म्हणून सर्व्हरचा लॉग बघितल्याशिवाय कॉर्सच्या मागे लागू नका.

८. नवीन बदल अपलोड केला तरी क्लायंटला जुनीच साइट दिसते.

'कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा' हे उत्तर एका क्लायंटपुरतं ठीक आहे, त्याच्या शंभर गिऱ्हाइकांना कोण सांगणार? सीएसएस आणि जेएस फाइलच्या नावात हॅश (मजकूर बदलला की बदलणारी सांकेतिक खूण) येऊ द्या, व्हीट किंवा वेबपॅक हे करून देतात. त्या फाइल्स वर्षभर कॅशमध्ये राहू द्या. एचटीएमएलला मात्र 'नो-कॅश' लावा. नो-कॅश म्हणजे 'साठवू नको' असं नाही, 'वापरण्याआधी विचार' असं आहे. साठवूच नको म्हणायचं असेल तर 'नो-स्टोअर'.

एवढं करूनही जुनंच दिसत असेल तर ॲप्लिकेशन टॅबमध्ये सर्व्हिस वर्कर (जुन्या फाइल्स साठवून देणारी मागची स्क्रिप्ट) राहिलाय का बघा. मग मधल्या सीडीएनचा (साइटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणाऱ्या सेवेचा) कॅश साफ करा.

९. रिॲक्टची साइट क्लिक करत फिरलं की चालते, रिफ्रेश केलं की ४०४.

तो पत्ता फक्त जावास्क्रिप्टला माहीत आहे, सर्व्हरला नाही. न सापडलेल्या सगळ्या पत्त्यांना इंडेक्स फाइल द्यायला सर्व्हरला सांगा. एपीआयचे पत्ते मात्र त्यातून वगळा, नाहीतर चुकीच्या एपीआयलाही एचटीएमएल परत मिळतं आणि जेसन वाचताना वेगळीच एरर येते.

१०. डोमेन नव्या सर्व्हरकडे वळवलं, काहींना नवीन दिसतं आणि काहींना जुनं. एसएसएलही अधूनमधून जातं.

डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी यंत्रणा) हिचं उत्तर टीटीएल (किती वेळ साठवायचं तो आकडा) एवढा वेळ ठिकठिकाणी साठवलेलं असतं. बदलाच्या आदल्या दिवशी टीटीएल ३०० सेकंदांवर आणा, मग बदल करा. नेमसर्व्हरच बदलले असतील तर ४८ तासांपर्यंत धीर धरा आणि तोवर जुना सर्व्हर बंद करू नका. खरी स्थिती 'एनएसलुकअप'ने ८.८.८.८ आणि १.१.१.१ या दोघांना विचारून बघा.

लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. आपोआप नूतनीकरण न होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फायरवॉलमध्ये ८० नंबरचा पोर्ट बंद केलेला असणं. जून २०२५ पासून त्यांनी मुदत संपत आल्याचे ईमेल पाठवणंही थांबवलंय, तेव्हा स्वतःची आठवण लावून ठेवा. विकतच्या प्रमाणपत्रांचीही मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार आहे. हाताने प्रमाणपत्र बदलायची सवय आत्ताच सोडा.

११. क्लायंट म्हणतो साइट हळू आहे. कुठून सुरू करू?

क्रोममधल्या लाइटहाऊसपासून, मोबाइल मोडमध्ये. गूगलच्या निकषांप्रमाणे मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, आणि पान हलण्याचा आकडा ०.१ च्या आत असावा.

आपल्याकडच्या साइटवर दोषी जवळजवळ नेहमी फोटोच असतात. चपलांच्या दुकानाचा मालक मोबाइलवर काढलेले पाच-पाच एमबीचे फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवतो आणि ते तसेच साइटवर चढतात. त्यांचं वेबपी करा, मोबाइलसाठी लहान आकार वेगळा द्या, रुंदी-उंची टॅगमध्ये लिहा. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावा, सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोला लावू नका. त्याला लावलं तर साइट उलट मंदावते.

१२. डेटाबेसमध्ये तारीख एक दिवस मागची का जाते?

आपण यूटीसीच्या (जागतिक प्रमाण वेळेच्या) साडेपाच तास पुढे आहोत म्हणून. कॅलेंडरमधून १५ ऑगस्ट निवडलं की बहुतेक डेट-पिकर आपल्या मध्यरात्रीची वेळ देतात. 'टू-आयएसओ-स्ट्रिंग' तिचं यूटीसी करतं: १४ ऑगस्ट, १८:३०. पुढचा भाग कापून फक्त तारीख ठेवली की १४ राहते.

जावास्क्रिप्टची आणखी एक खोड: वर्ष-महिना-दिवस एवढंच लिहिलं तर ते यूटीसी मानलं जातं, पण त्याला वेळ जोडून टाइमझोन लिहिला नाही तर तेच स्थानिक मानलं जातं. जन्मतारीख, बिलाची तारीख अशा गोष्टी निव्वळ तारीख म्हणूनच साठवा, घड्याळ जोडू नका. घटनेची नेमकी वेळ मात्र यूटीसीमध्ये ठेवा आणि दाखवताना एशिया-कोलकाता वापरा.

१३. पेमेंट गेटवेचं वेबहुक (पेमेंट झाल्याचा गेटवेने सर्व्हरला पाठवलेला निरोप) लोकलहोस्टवर येत नाही, आणि लाइव्हवर एकच पेमेंट दोनदा नोंदलं जातं.

तुमचा लोकलहोस्ट बाहेरून कुणाला दिसत नाही. एनग्रोक किंवा क्लाउडफ्लेअर टनेल वापरून तात्पुरता सार्वजनिक पत्ता घ्या. दुहेरी नोंद हा गेटवेचा दोष समजू नका. तुमच्याकडून वेळेत २०० गेलं नाही तर ते पुन्हा पाठवणारच. पेमेंट आयडीवर डेटाबेसमध्येच युनिक बंधन घाला, वेबहुकवरची डिजिटल सही तपासा, लगेच २०० द्या आणि पावतीचा ईमेल वगैरे नंतर करा. ब्राउझर परत आला म्हणजे पैसे आले, असं कधीही धरू नका.

१४. डॉट-ईएनव्ही फाइल चुकून गिटहबवर गेली. डिलीट केली तर पुरे का?

अजिबात नाही. ती जुन्या कमिटमध्ये तशीच आहे, आणि अशा किल्ल्या शोधणारे बॉट सार्वजनिक रेपो सतत चाळत असतात. पहिलं काम: त्यातल्या सगळ्या किल्ल्या आणि पासवर्ड बदला. इतिहास साफ करणं त्यानंतर. गिट-इग्नोरमध्ये नाव घातलं तरी आधीपासून ट्रॅक होणारी फाइल वगळली जात नाही, ती 'गिट आरएम कॅश्ड'ने काढावी लागते.

१५. पावसाळ्यात लाइट आणि नेट दोन्ही जातं. काम कसं चालू ठेवायचं, बॅकअप कुठे ठेवायचा?

डेव्हडॉक्स या साइटवर हवी ती डॉक्युमेंटेशन्स आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा. गिटला कमिट करायला नेट लागत नाही. एनपीएमला 'प्रिफर-ऑफलाइन' सांगितलं की एकदा आणलेली पॅकेजेस कॅशमधून येतात.

बॅकअपचं मात्र मनावर घ्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरी आणि व्हीनस कॉर्नरच्या दुकानांत शिरलं होतं. तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरमध्ये हिशेब आणि त्याच टेबलाच्या खणात बॅकअपची हार्ड डिस्क, हा बॅकअप नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक कोल्हापूरच्या बाहेर. गिटहबवर कोड असतो, डेटाबेस नसतो, त्याचा डंप रोज आपोआप बाहेर जाऊ द्या. आणि जून लागायच्या आत एकदा तो बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर उतरवून बघा. उतरवून न बघितलेल्या बॅकअपवर क्लायंटला शब्द देऊ नका.

१६. मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा विचित्र अक्षरं येतात.

दोन्ही लक्षणं वेगळी आहेत. विचित्र रोमन अक्षरांची खिचडी दिसत असेल तर डेटा बहुधा शाबूत आहे, फक्त वाचताना चुकीचं एन्कोडिंग धरलं जातंय. पानाचं मेटा टॅग, सर्व्हरचं हेडर आणि डेटाबेस कनेक्शन, तिन्हीकडे यूटीएफ-८ हवं. टेबलमध्येच प्रश्नचिन्हं साठली असतील तर मूळ अक्षरं गेली. बॅकअप शोधा.

मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' नावाचा प्रकार तीनच बाइटचा आहे. देवनागरी त्यात बसते, त्यामुळे वर्षभर सगळं ठीक चालतं. मग एखादं गिऱ्हाईक अभिप्रायात इमोजी टाकतं आणि फॉर्म फुटतो. कायम 'यूटीएफ८एमबी४' घ्या. मायएसक्यूएल ८.० पासून तेच डीफॉल्ट आहे, पण जुन्या होस्टिंगवरून आणलेली टेबलं जुनीच राहतात.

अपवाद एक्सेलचा: सीएसव्ही बरोबर असूनही डबल क्लिक केल्यावर मराठी बिघडलेली दिसते. फाइलच्या सुरुवातीला 'बॉम' (फाइल यूटीएफ-८ असल्याची न दिसणारी खूण) घाला.

१७. प्रेसकडून आलेला मजकूर साइटवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. हे प्रश्न १६ सारखंच का?

नाही, इथे एन्कोडिंग बदलून काही होणार नाही. तो मजकूर श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेला आहे. आतली अक्षरं खरोखरच रोमन आहेत, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. नेमका कोणता फॉन्ट ते विचारा, त्याच फॉन्टचं कन्व्हर्टर वापरा, आणि नंतर माणसाकडून वाचून घ्या. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास चुकीच्या जागी बसतात.

१८. साइटवर 'गुऱ्हाळ' आहे, तरी सर्चमध्ये 'गुऱ्हाळ' सापडत नाही. असं कसं?

मार्केट यार्डातल्या गुळाच्या साइटवर हमखास येणारी अडचण. हा अर्धा 'र' दोन पद्धतींनी टाइप होतो. एक, 'ऱ' हे वेगळं अक्षर (यू+०९३१) आणि त्याला हलन्त. दोन, साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (यू+२००डी). पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण जावास्क्रिप्टच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. कीबोर्ड बदलला की पद्धत बदलते. मालकाने लॅपटॉपवर एका पद्धतीने लिहिलं, गिऱ्हाइकाने मोबाइलवर दुसऱ्या. शिवाय घाईत 'गुर्हाळ' असं रफार देऊन लिहिणारे आहेतच.

'नॉर्मलाइझ' करून एनएफसी (युनिकोडचं ठरावीक जोडलेलं) रूप घेणं चांगलं, पण तेवढं पुरत नाही: 'र' खाली नुक्ता दिलेला असेल तर एनएफसी त्याचा 'ऱ' करतं, जॉइनरला मात्र हात लावत नाही. उपाय असा की सर्चसाठी वेगळा कॉलम ठेवा. त्यात भरताना आधी एनएफसी करा, मग जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढून टाका, शेवटी 'ऱ' चा साधा 'र' करा. शोधायला आलेल्या शब्दावरही हेच करा. तिन्ही रूपं एकाच जागी येतात आणि दाखवायला मूळ शुद्ध रूप तसंच राहतं. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांसाठी', 'पायऱ्या' हे सगळे शब्द याच एका दुरुस्तीने सापडायला लागतील.

१९. फॉर्ममध्ये कुणी '१२' असे मराठी अंक टाकले तर?

भाषा बघून उत्तर बदलतं. जावास्क्रिप्टचं 'नंबर' त्याचं एनएएन ('हा आकडा नाही') करतं. पीएचपीचं 'इंटव्हॅल' गुपचूप ० देतं, आणि हे जास्त वाईट. पायथॉनचं 'इंट' मात्र बरोबर १२ देतं. पायथॉनच्या रेगेक्समधला (मजकुराचा नमुना तपासण्याच्या भाषेतला) अंकाचा 'बॅकस्लॅश डी' मराठी अंकही मान्य करतो. त्यामुळे दहा मराठी अंकांचा मोबाइल नंबर तपासणीतून सुटतो आणि पुढे एसएमएस पाठवताना अडतो. आत येतानाच सगळे अंक इंग्रजी करून घ्या. देवनागरी अंक यू+०९६६ पासून ओळीने आहेत, वजाबाकीने काम होतं.

उलट बाजूही सांभाळा. 'एमआर-आयएन' (मराठी, भारत) देऊन रक्कम दाखवली की १२,३४,५६७ अशी लाखाच्या स्वल्पविरामांसह मराठी अंकांत येते. छान दिसते, पण पडद्यावरचा तो मजकूर उचलून हिशेब करू नका.

२०. नावांची यादी मराठी क्रमाने लागत नाही.

साधं 'सॉर्ट' युनिकोड क्रमांकाने लावतं, त्यात 'ळ' हा 'ल' नंतर येतो आणि 'क्ष' 'क' मध्ये मिसळतो. जावास्क्रिप्टच्या 'इंटल कोलेटर'ला (भाषेप्रमाणे क्रम लावणाऱ्या साधनाला) मराठी भाषा सांगा, म्हणजे ळ, क्ष, ज्ञ हे 'ह' च्या पुढे जातात.

२१. मराठी मथळ्यांच्या मात्रा कापल्या जातात, आणि 'ल', 'श' हिंदीसारखे दिसतात.

लाइन-हाइट वाढवा. इंग्रजी डिझाइनमधली १.१ मराठीला पुरत नाही, १.५ च्या आसपास ठेवा. लेटर-स्पेसिंग शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते. 'ल' आणि 'श' साठी एचटीएमएल टॅगवर भाषा 'एमआर' लिहा. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं वेगळी दिलेली असतात आणि ती भाषा सांगितल्यावरच येतात.

२२. मराठी शब्दातली अक्षरं मोजताना आकडा का चुकतो?

'कोल्हापूर' डोळ्याला चार अक्षरांचं दिसतं: को, ल्हा, पू, र. जावास्क्रिप्टचं 'लेंग्थ' ९ सांगतं, कारण काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. पहिली चार कापून घेतलीत तर हातात 'कोल्' येतं आणि कार्डावर लोंबता हलन्त दिसतो. कापायचं असेल तर सीएसएसचं एलिप्सिस वापरा किंवा 'इंटल सेगमेंटर' (मजकूर अक्षरांत तोडणारं साधन) घ्या. सेगमेंटरलाही एक अपवाद आहे: जोडाक्षर एकसंध मानायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे जुना ब्राउझर 'ल्' आणि 'हा' वेगळे देऊन पाच मोजतो. चाचणीत नेमका आकडा गृहीत धरू नका.

डेटाबेसच्या व्हारकॅरची मर्यादाही अशीच नऊच्या हिशेबाने धरा. एसएमएसचंही तेच. इंग्रजी संदेशाला १६० अक्षरं मिळतात, मराठीला ७०, आणि त्यातली नऊ एकट्या 'कोल्हापूर'ची. संदेश ७० च्या वर गेला की तो ६७-६७ च्या तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. क्लायंटला दर सांगण्याआधी त्याचा मजकूर 'लेंग्थ'ने मोजून घ्या.